उसाच्या फडापासून गॅलरीपर्यंत

हिंजवडीहून मारुंजीमार्गे कासारसाईच्या धरणाकडे निघालं की वाटेत नेरे लागतं. मुळशी तालुक्यातलं हे गाव आज धड गाव राहिलेलं नाही आणि धड शहरही झालेलं नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायच्या गावांची चर्चा निघाली की हिंजवडी, माण, मारुंजी, जांबे, सांगवडे, गहुंजे यांच्या जोडीला नेऱ्याचं नाव कित्येक वर्षं येत आलंय. तोवर एका अंगाला गोठे आणि ऊस, दुसऱ्या अंगाला लिफ्टच्या इमारती असा संसार चालू आहे. माणसांनी हे जमवून घेतलं. घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत मात्र या सरमिसळीचा विचार कोणी करत नाही. शहरातल्या मांजराला गॅलरीचं भय, शेतावरच्या कुत्र्याला घोणशीचं. नेऱ्यातल्या जनावराच्या वाट्याला दोन्ही येतं. कुठल्या जातीचं कुत्रं आणलं यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझ्या मते त्याची काळजी जातीपेक्षा ते राहतं कुठे यावर ठरते.

सुरुवात गोचिडापासून करावी लागेल, कारण आपल्याकडच्या कुत्र्यांना सर्वांत जास्त पिडणारा प्राणी तोच. कुत्र्यावर दिसतो तो बहुधा तपकिरी गोचीड. बाकीच्या पुष्कळ गोचिडांना गवत-झुडपं लागतात, हा मात्र माणसाच्या घरातच अख्खा जन्म काढू शकतो. अंड्यातून सहा पायांचं बारीक पिल्लू निघतं, कुत्र्याचं रक्त पितं, गळून पडतं आणि कात टाकतं. मग आठ पायांचं होऊन पुन्हा कुत्र्यावर चढतं, पुन्हा गळतं. तिसऱ्या खेपेला पूर्ण वाढ झालेला गोचीड चढतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी शेवटी भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे किंवा पलंगाखाली जाऊन हजारो अंडी घालते. म्हणजे अंगावर दिसतात ते गोचीड थोडे, घरात दडलेले कितीतरी जास्त. उपाशी राहूनही ते महिनोन्‌महिने तग धरतात. कुत्र्याला आंघोळ घालून हाताला लागलेले चार गोचीड वेचून टाकले की काम झालं असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरी पंधरवड्यात पुन्हा तेच चित्र दिसतं ते यामुळेच.

गोचीड रक्त पितो हे त्यामानाने किरकोळ दुखणं. खरा घात होतो तो त्याच्या लाळेतून येणाऱ्या जंतूंनी. एर्लिकिया आणि बॅबेसिया ही त्यांतली दोन मुख्य नावं. दवाखान्यात दोघांनाही सरसकट ‘टिक फीवर’ म्हणतात. एर्लिकिया पांढऱ्या पेशींत शिरतो आणि प्लेटलेट खाली आणतो. बॅबेसिया तांबड्या पेशी फोडतो, मग लघवी कॉफीच्या रंगाची होते. कुत्रं जेवण सोडतं, मलूल पडतं, हिरड्या पांढुरक्या होतात, कधी नाकातून रक्त येतं. नाक कोरडं की ओलं यावर ताप ओळखायची रीत सोडून द्यावी. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला ते कायम गरमच लागतं. घरात त्याच्यासाठी वेगळा थर्मामीटर ठेवावा. शौचाच्या जागी लावून मोजलेला आकडाच खरा. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवडे चालतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि पुष्कळ मालक तिथेच गोळ्या बंद करतात. जंतू मात्र शरीरात दबा धरून राहतो आणि पुढे अस्थिमज्जेपर्यंत जातो, तेव्हा उपचार फार अवघड होऊन बसतात.

गोचिडावर उपाय आहेत. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायच्या चघळायच्या गोळ्या निघाल्या आहेत, मानेवर टाकायचे थेंब आहेत. कोणतं कुत्र्याच्या वजनाला आणि प्रकृतीला चालेल ते डॉक्टरांना विचारावं. फिरवून आणल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली हात फिरवावा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. त्यावर रॉकेल ओतू नये, काडी लावू नये, बोटांनी चिरडू नये. पावसाळ्यात हे रोजचं काम समजावं.

नेऱ्यासारख्या गावात एक शॉर्टकट हाताशी असतो. गोठ्यात गाई-म्हशींच्या गोचिडांवर फवारायचं सायपरमेथ्रीन किंवा डेल्टामेथ्रीन घरात असतंच, तेच अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याच्या अंगावर ओततात. प्रमाण चुकलं तर कुत्र्यालाही बाधतं. पण त्याच घरातलं मांजर त्या कुत्र्याला बिलगून झोपलं आणि मग स्वतःचं अंग चाटत बसलं, तर ते थरथरायला लागतं, झटके येतात, जीवही जातो. कुत्र्यासाठीचे परमेथ्रीनचे थेंब मांजराला लावले तरी हेच होतं.

याचं कारण मांजराच्या यकृतात आहे. आपलं आणि कुत्र्याचं यकृत बऱ्याच विषारी पदार्थांना साखरेपासून बनलेलं एक आम्ल जोडून ते पाण्यात विरघळतील असे करतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. मांजराच्या कुळात हे काम करणाऱ्या एका महत्त्वाच्या एन्झाइमचा जीनच निकामी झालेला आहे. लाखो वर्षं नुसतं मांस खाल्लं, वनस्पतींतली विषं पचवायची वेळ आली नाही, म्हणून तो गमावला तरी बिघडलं नाही, असा त्याचा उलगडा शास्त्रज्ञ करतात. बिघडलं ते माणसाच्या घरी आल्यावर. आपल्या प्रत्येक घरात सापडणारी पॅरासिटामोलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे त्यावरचं औषध. ते जितकं लवकर मिळेल तितकी आशा. मायेपोटी ‘ताप वाटतोय, अर्धी गोळी देऊ’ असं कधीही करू नये. कुत्र्याच्या बाबतीत आयब्युप्रोफेन हे असंच दगाबाज औषध आहे. त्याने जठराला जखमा होतात, मूत्रपिंडं बसतात.

मांजराचा दुसरा प्रश्न ताटातला. मांजर म्हणजे दूध-पोळी हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पुष्कळ प्रौढ मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं, हे एक. त्याहून मोठी गोष्ट टॉरिनची. हा घटक मांजर स्वतःच्या शरीरात पुरेसा बनवू शकत नाही आणि तो मिळतो मांस-माशांतून. धान्यात आणि भाज्यांत जवळजवळ नसतोच. तो कमी पडला तर डोळ्याचा पडदा झडत जातो आणि हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगतं. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी हृदयाच्या या आजाराचं मूळ टॉरिनमध्ये असल्याचं दाखवून दिलं. त्यानंतर खाद्य-कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं आणि आजार एकदम घटला. मग आजीच्या वाड्यातलं मांजर दूध-पोळीवर कसं जगलं? ते दूध-पोळीवर जगलंच नव्हतं. स्वयंपाकघरातून त्याला दूध मिळायचं आणि माळ्यावरून उंदीर. फ्लॅटमधल्या मांजराचा माळा गेला, उंदीर गेले, राहिली नुसती पोळी. ज्या घरात मांस-मासळी चालत नाही त्यांनी मांजरासाठीचं तयार खाद्य आणावं. तेही पटत नसेल तर मांजर पाळू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

नुसतं कोरडं खाद्य खाणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या बोक्याकडे नीट लक्ष हवं. तो पुन्हापुन्हा मातीच्या ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय आणि थेंबभरही लघवी होत नाहीये, असं दिसलं तर ‘बद्धकोष्ठ असेल’ म्हणून थांबू नये. मूत्रमार्गात खडा किंवा बुळबुळीत गाठ अडकलेली असू शकते. दीड-दोन दिवसांत पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं. ही रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवण्याची वेळ आहे.

आणि गॅलरी. मांजर उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं या समजुतीला एका अभ्यासाने नको इतका आधार दिला. १९८७ सालीच न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयातल्या डॉक्टरांनी पाच महिन्यांत इमारतींवरून पडून आलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. उपचार झालेल्यांतली दहापैकी नऊ वाचली होती. हा आकडा तेव्हापासून जगभर फिरतोय. त्यातली मेख अशी, की जी जागीच मेली त्यांना कोणी दवाखान्यात आणलंच नव्हतं. वाचलेल्यांचेही जबडे मोडलेले, छातीत हवा भरलेली, पाय तुटलेले होते. नेऱ्याच्या इमारतींत कठड्यावर कबुतरं बसतात, मांजर त्यांच्यावर झेप घेतं आणि कठडा संपतो. कबुतरांसाठी लावतात ती जाळीच मांजरासाठी पुरते. फक्त ती खालपर्यंत ताणलेली आणि खिडक्यांनाही हवी.

स्वयंपाकघराचं थोडक्यात सांगतो. चॉकलेट वाईट हे आता सर्वांना ठाऊक आहे. कांदा-लसूण घातलेला रस्सा-भात मात्र सर्रास ठेवला जातो. कांद्यातले गंधकाचे पदार्थ तांबड्या पेशी फोडतात आणि शिजवल्याने ते नाहीसे होत नाहीत. मांजराला किलोमागे ५ ग्रॅम, कुत्र्याला १५ ते ३० ग्रॅम कांद्यानेही रक्तात बिघाड झाल्याच्या नोंदी आहेत. द्राक्षं आणि बेदाण्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं अशी शंका अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांनी अलीकडे घेतली. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. म्हणजे सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे आणि चिंच-गुळाची आमटी, दोन्ही कुत्र्याच्या भांड्यापासून दूर. शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल कुत्र्याची रक्तातली साखर तासाभरात पाडतं. मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन आणि भात यात काही वाईट नाही, पण रोज तेवढंच दिल्याने कॅल्शियम कमी पडतं, वाढत्या पिल्लाची हाडं वाकतात.

सोसायटीच्या बागेत हमखास लावलेला सायकस तर सरळ विष आहे. त्याच्या बिया चघळलेल्या कुत्र्याचं यकृत निकामी होतं. कण्हेर हृदयावर जाते. पुष्पगुच्छातून आलेल्या खऱ्या लिलीचे परागकण मांजराने अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं जाऊ शकतात. बाग आखणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

आता पिल्लांकडे येऊ. गावातली कुत्री भाद्रपदात माजावर येतात हे वेगळं सांगायला नको. गर्भाचे साधारण ६३ दिवस धरले की कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लं होतात. पौषात ती दीड-दोन महिन्यांची होऊन वाडी-वस्तीवर, सोसायटीच्या गेटवर फिरायला लागतात आणि नेमकं तेव्हाच आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण ओसरायला लागतं. पार्व्होचा विषाणू याच फटीतून शिरतो. १९७८ साली जगाला पहिल्यांदा कळलेला हा विषाणू मांजरांतल्या एका विषाणूच्या कुळातलाच. उलट्या, रक्ताचे जुलाब, दुर्गंधी आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू आडवं. मातीत तो महिनोन्‌महिने, कधी वर्षभर टिकतो. चपलेच्या तळव्याला चिकटून पाचव्या मजल्यावर जातो. साध्या फिनाइलने मरत नाही, ब्लीचच्या द्रावणाने मरतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस द्यायची असते. ‘एक इंजेक्शन झालंय’ म्हणजे काहीच झालेलं नसतं, कारण आईचं संरक्षण शिल्लक असेल तर ते लसच निष्प्रभ करतं. आणि ते कधी संपेल ते प्रत्येक पिल्लागणिक वेगळं. लसींचा क्रम पुरा होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर उतरवू नये. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला २०१७च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनी बंदी आहे. तीस दिवसांचं गोंडस पिल्लू दाखवणाऱ्याकडून घेऊ नये, कितीही लाडिक दिसलं तरी. मांजराच्या पिल्लांनाही त्यांच्या पार्व्होची, म्हणजे पॅनल्यूकोपेनियाची लस असते, हे निम्म्या मांजरवाल्यांना ठाऊक नसतं.

कुंपणाबाहेर ऊस सुरू होतो. या भागातला ऊस कासारसाई-दारुंब्रेच्या संत तुकाराम साखर कारखान्याला जातो, आणि उसाबरोबर बिबट्या येतो हे मुळशी-मावळाला नवं नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आणि १५ टक्के मांजरांचा निघाला. शेळ्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, पण त्यांचा वाटा फक्त ११ टक्के. कारण शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात आणि कुत्री-मांजरं मोकळी. राखणीसाठी म्हणून अंगणात साखळीने बांधलेलं कुत्रं बिबट्याच्या दृष्टीने आयतं ताट आहे. बांधायचं तर भिंती आणि छप्पर असलेल्या जागेत, दार लावून. बिबट्या दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवावा.

घोणस, नाग, मण्यार या तिघांचाही वावर इथल्या बांधांवर आहे. कुत्रं नाकाने शोध घेतं, म्हणून दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. जखम कापायची नाही, दोरी आवळायची नाही, कुत्र्याला चालवत न्यायचं नाही. उचलून गाडीत घालायचं. माणसाला देतात तेच सर्पविषावरचं प्रतिविष कुत्र्याला लागतं, तेव्हा निघण्याआधी फोन करून ते दवाखान्यात आहे का हे विचारावं. शेतातला पुढचा धोका उंदरांसाठी ठेवलेल्या विषाचा. ब्रोमाडिओलोन खाल्लं असेल तर तीन-चार दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो आणि ‘के’ जीवनसत्त्व देऊन कुत्रं वाचू शकतं. झिंक फॉस्फाइडला असा उतारा नाही, ते काही तासांत जीव घेतं. विषाचं पाकीट सोबत न्यावं. डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

कुंपणाच्या आत धोका उन्हाचा. चैत्र-वैशाखात हस्की किंवा पग भर दुपारी सोसायटीच्या फरशीवर फिरवणाऱ्यांना काय म्हणावं ते कळत नाही. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धाप लागूनच ते अंग थंड करतं. चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही नीट जमत नाही. तळहाताची उलटी बाजू फरशीवर टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही सोसत नाही.

रेबीज शेवटी घेतला, कारण तो एका घराचा प्रश्न नाही. विषाणू लाळेतून जखमेत जातो, मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो आणि लक्षणं दिसू लागली की माणूस काय, जनावर काय, जवळजवळ कोणीच वाचत नाही. जुन्या पिढीला बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं आठवतात. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस देशात २००४ नंतर बंद झाली. आता दंडावरची चार-पाच पुरतात. पण त्याआधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची असते. हळद, चुना, तिखट भरायचं नाही. रक्त आलेल्या जखमेला लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. ‘आपलंच कुत्रं आहे, दहा दिवस बघू’ म्हणून थांबू नये. लस लगेच सुरू करायची आणि कुत्र्याकडे दहा दिवस लक्ष ठेवायचं, दोन्ही एकाच वेळी. घराबाहेर न पडणाऱ्या मांजरालाही रेबीजची लस द्यावी. पहिली ते तीन महिन्यांचं झाल्यावर, मग डॉक्टरांनी सांगितलेला बूस्टर, मग दरवर्षी.

घरातल्या कुत्र्याला लस आणि गेटबाहेरच्या दहांना नाही, यात घरचं कुत्रंही पुरतं सुरक्षित नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने वस्तीतल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. शेजारच्या गोव्याने हे करून दाखवलं. २०१३ पासून ‘मिशन रेबीज’ या संस्थेने गल्लोगल्ली जाळी घेऊन कुत्री पकडली, टोचली, सोडली आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. २०२३च्या केंद्रीय नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची, म्हणजे नेऱ्यात ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. सोसायट्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून ग्रामसभेत हा विषय मांडला, तर भाद्रपदाच्या आधी निदान माद्यांची नसबंदी होऊ शकते. पाळीव मादीचीही करून घ्यावी. उतारवयात गर्भाशयात पू होऊन येणारं मरण टाळता येण्यासारखं असतं.

एक काम आजच करता येईल. रात्री उघडा असणारा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोणता ते शोधून त्याचा क्रमांक आणि पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पथकाचा १९६२ हा क्रमांक फ्रीजच्या दारावर लिहा. मग कपाटातून लसीचं कार्ड काढा. पुढच्या डोसची तारीख उलटून गेली असेल तर उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा.